सही एकाची, हप्ते दुसऱ्याचे

मंडळाच्या वाचनालयात संध्याकाळी वर्तमानपत्रे चाळायला जमणाऱ्या मंडळींत परवा वाद रंगला. विषय होता, चीन लहान देशांना कर्जे देतो त्याचा. एका गृहस्थांचे म्हणणे, हा सावकारी फास आहे. दुसऱ्यांचे म्हणणे, घेणाऱ्याला डोळे नव्हते काय? बोलता बोलता टोंगा या देशाचे नाव निघाले आणि हशा पिकला. देशाचे नाव ऐकून टांग्याची आठवण व्हावी, आणि लोकसंख्या म्हणाल तर एक लाख! आपल्या इंदूरच्या चार वॉर्डांत सगळे राज्य मावेल, राजासकट. एवढ्याशा देशाचे कर्ज ते काय, आणि त्यावर आपण डोके शिणवायचे ते का?

आम्हांला तो हशा खटकला. म्हणून या अंकाचे संपादकीय टोंगाच्या रस्त्यांवर लिहायचे ठरवले. वाचकांनी कपाळाला आठ्या घालण्यापूर्वी शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती.

प्रशांत महासागरात, न्यूझीलंडच्या ईशान्येला, सुमारे १७० बेटांचे हे राज्य आहे. वस्ती त्यांपैकी थोड्याच बेटांवर. राजधानी नुकुआलोफा हे टोंगाटापू नावाच्या मुख्य बेटावरचे गाव, गावच म्हणायचे. १६ नोव्हेंबर २००६ या दिवशी तिथे दंगल उसळली. राजाच्या हाती असलेली सत्ता लोकांच्या प्रतिनिधींकडे कधी जाणार, या प्रश्नावरून लोक चिडले होते. बाजारपेठेचा मोठा भाग जळाला, आठ माणसे गेली. जळालेली पेठ उभी करायला पैसा हवा होता. तो चीनच्या निर्यात-आयात बँकेने दिला : २००७ मध्ये सुमारे ४४ कोटी युआन. पुढे २०१० मध्ये त्याच बँकेकडून आणखी सुमारे २९ कोटी युआन घेतले गेले, ते रस्त्यांसाठी. व्याज दोन टक्के, मुदत वीस वर्षे, सुरुवातीची काही वर्षे मूळ रकमेचा हप्ता नाही.

दोन टक्के! आपल्यापैकी ज्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी किंवा फ्लॅटसाठी बँकेची पायरी चढली आहे, त्यांना हा दर ऐकून हेवा वाटेल. त्या वेळच्या टोंगाच्या मंत्र्यांनाही वाटलाच असणार. टीकाकार देशांपैकी कुणी तेवढी रक्कम पुढे करून उभे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पण कर्जाचे खत वाचताना व्याजाचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात दिसतो आणि बाकीची कलमे बारीक अक्षरात असतात, हा अनुभव सावकाराच्या वहीपासून क्रेडिट कार्डापर्यंत सारखाच आहे.

यातले पहिले कलम चलनाचे. कर्ज युआनमध्ये. टोंगाला युआन मिळतात कुठून? टोंगाची मिळकत येते ती न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका यांच्या डॉलरांत. २००७ च्या अखेरीस एका अमेरिकी डॉलरला सव्वासात-साडेसात युआन मिळत. २०१४ च्या आरंभी तोच भाव सहाच्या आसपास आला. म्हणजे ४४ कोटी युआन हे पहिल्या वेळी सहा कोटी डॉलर होतात आणि दुसऱ्या वेळी सव्वासात कोटी. कर्जाचा आकडा खतावर तोच राहिला, एक पैसाही जास्त उचलला नाही, आणि तरी बोजा एक-पंचमांशाने फुगला. दोन टक्क्यांच्या व्याजाचे कौतुक तेवढ्यातच आटोपते.

दुसरे कलम काम कुणी करायचे याचे. या प्रकारच्या चिनी सवलतीच्या कर्जात ठेकेदार चिनी असतो आणि मालही निदान निम्मा चीनमधून घ्यावा लागतो. त्यामुळे पैसा बेटावर फारसा उतरतच नाही. बँकेकडून तो ठेकेदाराकडे जातो. ठेकेदाराची यंत्रे, अभियंते, बराचसा माल त्याच्याच देशातला. टोंगाकडे राहतो रस्ता आणि देणे. रस्ता राहतो हे खरे, ते आम्ही कमी लेखत नाही. पण रस्ता बांधताना जो पैसा गावात खेळायचा, खडी फोडणाऱ्याच्या, ट्रकवाल्याच्या, चहाच्या टपरीवाल्याच्या हातात पडायचा, त्यातला थोडाच भाग खेळतो.

इथे आपल्या इंदूरकरांना एक जुनी गोष्ट आठवावी. खंडव्याहून इंदूरला रेल्वे आणायची म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. शिवाय जमीनही फुकट दिली. त्या व्यवहारात धनको लहान होता आणि ऋणको साऱ्या हिंदुस्थानचा मालक. पण एक फरक बघा. होळकरांचा पैसा होळकरांच्याच मुलखात रुळांच्या रूपाने पडला. धनको रोज सकाळी गच्चीवर उभा राहून आपले कर्ज कुठे गेले ते डोळ्यांनी पाहू शकत होता. बेजिंगमध्ये बसलेल्या बँकेला नुकुआलोफाच्या रस्त्यावरचा खड्डा दिसत नाही, आणि दिसण्याची तिला गरजही नाही. तिचा करार रस्त्याशी नाही, हप्त्याशी आहे.

आता ज्याच्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येतो. टोंगाच्या संसदेत २०१० पर्यंत लोकांनी निवडलेले प्रतिनिधी अल्पमतात असत. सरदार घराण्यांचे प्रतिनिधी वेगळे, आणि राजाने नेमलेले मंत्री वेगळे. नोव्हेंबर २०१० मध्ये झालेली निवडणूक ही पहिली, जिच्यातून २६ पैकी १७ जागा सामान्य मतदारांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. दोन्ही कर्जांच्या करारांवर सह्या झाल्या त्या याच्या आधी. पेठेच्या कर्जातला काही भाग तर पुढे खासगी व्यापाऱ्यांना इमारती बांधायला कर्जाऊ दिला गेला. तो त्यांच्याकडून वसूल करणे सरकारला जड गेले, आणि बँकेचे देणे मात्र सरकारच्याच, म्हणजे जनतेच्या, नावावर राहिले. जे सत्तेवर होते त्यांनी सही केली आणि ज्यांना त्या सहीच्या वेळी फारसे विचारले गेले नाही ते फेडायला बसले.

यातला सर्वांत बोलका माणूस म्हणजे अकिलिसी पोहिवा. शाळामास्तर, लोकशाहीसाठी पंचवीस-तीस वर्षे राजसत्तेशी भांडलेला. २०१४ च्या अखेरीस हा माणूस पंतप्रधान झाला आणि टेबलावर त्याला काय सापडले? आधीच्यांनी काढलेले कर्ज. चीनचे देणे तोवर अकरा-साडेअकरा कोटी डॉलरच्या घरात होते, म्हणजे देशाच्या एकूण परकीय कर्जाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग. हप्ते सुरू व्हायची पहिली तारीख २०१३ मधली. ती पाच वर्षे पुढे ढकलून २०१८ करून घेतली गेली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये पोहिवांनी जाहीरपणे सांगितले की, प्रशांत महासागरातल्या सगळ्या लहान देशांनी एकत्र येऊन चीनकडे कर्जमाफी मागावी, नाहीतर उद्या आपल्या मालमत्तेवर जप्ती येईल. काही दिवसांतच त्यांनी हे म्हणणे मागे घेतले. नोव्हेंबरमध्ये टोंगाने चीनच्या ‘बेल्ट अँड रोड’ योजनेत सहभागी होण्याच्या करारावर सही केली आणि त्याच सुमारास हप्ते आणखी पाच वर्षे पुढे गेले. पोहिवा सप्टेंबर २०१९ मध्ये वारले. हप्ते त्यांच्या मागे राहिले.

जप्ती आली नाही. कुणी टोंगाचे बंदर उचलून नेले नाही. हे स्पष्ट लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण वाचनालयातल्या वादात ‘हंबनटोटा’ हा शब्द पाच मिनिटांत तीन वेळा आला. श्रीलंकेचे ते बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेले हे खरे. पण भाडेपट्ट्याची रक्कम श्रीलंकेच्या परकीय गंगाजळीत पडली, बंदराचे कर्ज त्यातून फिटले नाही, ते तसेच राहिले. घर गहाण ठेवून ते गेले, अशी ही सोपी गोष्ट नाही. टोंगाची गोष्ट तर त्याहून साधी आणि म्हणूनच जास्त विचार करायला लावणारी. धनकोने जप्ती आणली नाही, मुदत वाढवून दिली. आणि ज्या वेळी मुदत वाढवून हवी असते त्या वेळी ऋणको काय काय ‘हो’ म्हणतो, हे ज्याने कधी दिवाळीच्या तोंडावर देणेकऱ्याला तोंड दिले आहे त्याला सांगायला नको.

मधल्या काळात आकाश आणि समुद्र गप्प बसले नव्हते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘गीता’ नावाचे चक्रीवादळ आले. (नाव आपल्या ओळखीचे, करणी मात्र प्रलयाची.) देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ३८ टक्के नुकसान एका रात्रीत. १५ जानेवारी २०२२ रोजी समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्सुनामी आली, सारे राज्य राखेने माखले. जागतिक बँकेचा अंदाज नऊ कोटी डॉलरच्या नुकसानीचा, म्हणजे उत्पन्नाच्या साडेअठरा टक्के. अशा देशात वीस वर्षांच्या मुदतीचा रस्ता म्हणजे काय, याचा विचार कर्ज घेताना कुणी केला होता? कर्जाचे आयुष्य वीस वर्षे. रस्त्याचे आयुष्य, डागडुजी वेळेवर झाली तर, त्याच्या आसपास. नाही झाली तर निम्मेही नाही. बेटावर डांबर बाहेरून येते, इंधन बाहेरून येते, रोलरचा सुटा भाग मोडला तर तोही जहाजाने येतो. रस्त्यावरचे पाणी वेळेवर काढून दिले नाही तर पहिल्या पावसाळ्यात कडा सुटतात, दुसऱ्यात खड्डे, आणि मग पुन्हा नवे कर्ज. आपल्याकडेही रस्त्याचे उद्घाटन मंत्री करतात आणि गटार साफ करायला निधी नसतो. टोंगाला हसण्याचा अधिकार आपल्याला मुळीच नाही.

नुसते अनुदान मिळाले असते तर सगळे सुरळीत झाले असते, असेही समजू नये. टोंगाच्या पश्चिमेला वानुआतू म्हणून दुसरे द्वीपराष्ट्र आहे. २००६ मध्ये अमेरिकेच्या मिलेनियम चॅलेंज संस्थेने त्याला साडेसहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम फुकट दिली, फेडायची नाही अशी. आठ बेटांवर अकरा कामे करायची होती. खर्चाचे अंदाज इतके चुकले की शेवटी दोनच रस्ते झाले, इफाते बेटाचा वळसा घालणारा आणि सांतो बेटाच्या पूर्व किनाऱ्याचा, मिळून दीडशे किलोमीटर. पण झाले ते दोन रस्ते वानुआतूच्या माथी हप्ता न ठेवता झाले. आणि त्याच देशात ऑस्ट्रेलियाच्या मदतीने २००९ पासून बेटावरच्याच लहान ठेकेदारांना शिकवून, माणसांच्या हातांनी रस्ते राखण्याचा एक कार्यक्रम चालला. त्याला फीत कापण्याचा थाट नाही. आमच्या मते लहान बेटाला सगळ्यांत आधी हवे आहे ते हेच.

टोंगा हप्ते भरतो कशातून, हेही बघण्यासारखे आहे. जपानला लाल भोपळे पाठवून एके काळी तिथल्या शेतकऱ्यांनी बरे पैसे मिळवले. व्हॅनिला आहे, कंदमुळे आहेत, मासळी आहे. पण देशाच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले तर चाळीस टक्क्यांच्या आसपास रक्कम परदेशी राहणारी मुलेबाळे घरी पाठवतात. ऑकलंडच्या गोदामात ओझी उचलणारा, ऑस्ट्रेलियात फळे तोडणारा, त्याच्या घामाच्या पैशावर देश चालतो. एके काळी कोकण मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत असे, ते आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. त्या मनीऑर्डरीतून आई घर शाकारत असे. इथे त्याच मनीऑर्डरीतून आणलेल्या तांदळावर, कापडावर सरकार कर घेते आणि त्या करातून बेजिंगचा हप्ता जातो. २०१८ मध्ये मिळालेली पाच वर्षांची सवलत सरल्यावर आता तो जातो आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या देशाला कर्जसंकटाचा मोठा धोका असलेल्या देशांत गणतो. त्याचा एक विचित्र परिणाम असा की, जागतिक बँक अशा देशाला कर्ज न देता अनुदान देते. म्हणजे एका दाराने अनुदान आत येते आणि दुसऱ्या दाराने हप्ता बाहेर जातो.

इथवर वाचून आमचे पहिले गृहस्थ म्हणतील, बघा, आम्ही म्हणत होतो, चीनच तो! त्यांना आम्ही विचारतो, आणि आपण?

भारत आज स्वतः धनको आहे. आपलीही निर्यात-आयात बँक आहे, १९८२ पासून, मुख्यालय मुंबईत. तिच्यामार्फत आपले सरकार आशिया-आफ्रिकेतल्या देशांना सवलतीची कर्जे देते. बाजारभावापेक्षा व्याज कमी पडते ते सरकार भरते, म्हणजे तुम्ही-आम्ही भरतो. आणि अट? साधारणपणे ७५ टक्के माल व सेवा भारतातून घ्यावी. चीनची अट निदान निम्म्याची. आपली पाऊण हिश्शाची, काही प्रसंगी थोडी शिथिल होणारी. चीनने असे केले की फास आणि आपण केले की मैत्री, असा न्याय आम्हांला करता येत नाही.

जवळचे उदाहरण मालदीवचे. तेही लहान द्वीपराष्ट्र, वस्ती पाच लाखांच्या आसपास. राजधानी माले शेजारच्या तीन बेटांना जोडणारा पावणेसात किलोमीटरचा पूल आणि रस्ता भारताच्या पैशाने होतो आहे : ४० कोटी डॉलरचे कर्ज, १० कोटींचे अनुदान. ठेका २०२१ मध्ये मुंबईच्या अॅफकॉन्स कंपनीला मिळाला. काम चांगले आहे, मालेच्या गर्दीत ज्याने पाऊल टाकले आहे तो त्याची गरज नाकारणार नाही. अनुदानाचा वाटाही मोठा आहे. पण पूर्ण होण्याची तारीख पुढे पुढे जात राहिली. मालदीवच्या राजकारणात ‘इंडिया आउट’ची घोषणा गाजली तेव्हा तिच्या जोडीला एक प्रश्न सतत येत होता : भारताबरोबरच्या करारांत लिहिले आहे तरी काय? त्या प्रश्नाला वेळीच उत्तर मिळाले नाही, की अफवेला पाय फुटतात. २०२३ मध्ये तिथे त्याच वाऱ्यावर सरकार बदलले. नव्या सरकारनेही आधीच्यांचे हप्ते वारशाने घेतले; पोहिवांचीच गत. जुलै २०२५ मध्ये भारताने त्यांचा वर्षाचा हप्ता सुमारे ४० टक्क्यांनी, ५ कोटी १० लाख डॉलरवरून २ कोटी ९० लाखांवर आणला आणि ४८५० कोटी रुपयांचे नवे कर्ज दिले, ते रुपयांत.

हप्ता कमी केला हे धनकोला शोभणारे झाले. नवे कर्ज रुपयांत दिले, हे मात्र आमच्या मनात घर करून बसले आहे. मालदीवची मिळकत पर्यटकांच्या डॉलरांची. डॉलरच्या तुटवड्यात रुपयाचे कर्ज त्यांच्या सोयीचे असेल. रुपया घसरत राहिला तर फायद्याचेही ठरेल. पण टोंगाने युआनमध्ये सही केली तेव्हा तीही कुणाला तरी सोयीचीच वाटली होती. मालदीवमधल्या मतदाराला हा हिशोब कुणी मांडून दाखवला का? आणि त्याहून आधी, ज्याच्या करातून व्याजाची तफावत भरली जाते त्या भारतीय मतदाराला कुणी दाखवला का? आम्ही वर्षानुवर्षे लोकसभेच्या अर्थसंकल्पावर लिहितो आहोत. परदेशी दिलेल्या कर्जांच्या अटींवर आमच्या खासदारांनी कधी तासभर चर्चा केल्याचे निदान आम्हांला आठवत नाही. साठ-सत्तर वर्षे आपण परक्या कर्जाचे ऋणको होतो, तेव्हा अटींवर रान उठवत होतो. धनको झाल्यावर अटी विसरायच्या, हे बरे नव्हे.

म्हणून परवाच्या वादाचा शेवट असा झाला की, दोन्ही बाजूंच्या मंडळींनी मिळून निर्यात-आयात बँकेकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करायचा. मालेच्या पुलाच्या कर्जाचा दर, मुदत, चलन, मालखरेदीची अट आणि मुदतवाढीच्या अटी, एवढेच विचारायचे. परराष्ट्र संबंधांचे कारण देऊन उत्तर नाकारले जाईल, असे आमच्या वकील मित्रांचे भाकीत आहे. नाकारले तर अपील करू, आणि काय उत्तर येते ते या पानावर छापू. असा अर्ज संस्थेच्या नावाने करता येत नाही, नागरिकाने स्वतःच्या नावाने करायचा असतो. शुल्क दहा रुपये. मसुदा कार्यालयात ठेवला आहे; ज्यांना आपल्या नावाने पाठवायचा असेल त्यांनी रविवार सोडून कुठल्याही दिवशी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात यावे.